दोन आखातांमधले सौराष्ट्र

गुजरातच्या पश्चिमेला अरबी समुद्रात पुढे सरकलेला भूभाग म्हणजे सौराष्ट्र द्वीपकल्प. उत्तरेला कच्छचे आखात, पूर्वेला खंभातचे आखात आणि उरलेल्या बाजूंना खुला समुद्र, अशी त्याची चौकट आहे. क्षेत्रफळ सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर. मुख्य भूमीशी त्याला जोडणारा ईशान्येचा पट्टा इतका सखल आहे, की तिथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते ऋतूवर ठरते. कच्छचे छोटे रण, नळ सरोवर आणि भाल प्रदेशाची खारट सपाटी हे या पट्ट्याचे तीन टप्पे. एकेकाळी दोन्ही आखातांचे पाणी इथून एकमेकांना मिळत असावे आणि सौराष्ट्र हे बेट असावे, असे भूवैज्ञानिक मानतात. नळ सरोवर हा त्या उथळ समुद्राचाच अवशेष समजला जातो. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. द्वीपकल्पाच्या टोकाचे ओखामंडळ आणि मधला अमरेलीचा भाग स्वातंत्र्यापर्यंत बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते.

सौराष्ट्राचा पायाही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री आणि दख्खनचे पठार घडवले, त्याच थरांनी सौराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापलेला आहे. राजकोटच्या माळावरचा काळा कातळ आणि साताऱ्याच्या डोंगरातला कातळ एकाच घटनेतून आले. रूप मात्र वेगळे झाले. इथे सह्याद्रीसारखे कडे आणि घाट नाहीत. लाव्हाची भूमी झिजून लाटांसारखी उंचसखल झाली, आणि भेगांत घुसून गोठलेला टणक शिलारस मागे उरला. शेतांमधून मैलोन् मैल सरळ जाणाऱ्या काळ्या दगडी भिंतींसारख्या या रांगा अमरेली आणि राजकोटच्या परिसरात जागोजागी दिसतात.

मधला भाग उंच आणि कडा सखल, यामुळे नद्या चारी दिशांना पांगतात. भादर पश्चिमेला नवीबंदरजवळ अरबी समुद्राला मिळते, शेत्रुंजी पूर्वेला खंभातच्या आखाताला, तर मच्छू उत्तरेला वाहत जाऊन छोट्या रणात विरते. सगळ्या नद्या आखूड आणि पावसावर अवलंबून. पाऊसही लहरी आहे. गिरनार आणि गीरच्या डोंगराळ भागात तो बऱ्यापैकी पडतो, वायव्येला ओख्याकडे मात्र फारच थोडा. त्यामुळे पाणी कुठे टिकते आणि किती काळ टिकते, यावर इथली झाडे, जनावरे आणि माणसे यांचे सारे गणित बसलेले आहे.

जुनागढच्या शेजारी सपाट मैदानातून एकदम उठणारा गिरनार हा गुजरातमधला सर्वांत उंच डोंगर. त्याचे गोरखनाथ शिखर १,११७ मीटर उंच आहे. त्याची घडण भोवतालच्या लाव्हापेक्षा निराळी आहे. इथला शिलारस पृष्ठभागावर न येता खालीच अडकला, वरचे थर फुगवून हळूहळू थंड झाला, आणि वरचे आवरण झिजून गेल्यावर त्याचे भरड कणांचे खडक उघडे पडले. भोवती टेकड्यांचे कडे आहे आणि मधल्या दऱ्यांत साग, धावडा, पळस यांचे दाट जंगल. याच जंगलाला २००८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथेही सिंह आहेत, आणि उंच कड्यांवर गिधाडांची घरटी होती, तीही पूर्णपणे मोडलेली नाहीत. दत्तात्रेयाच्या पादुकांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून हजारो लोक दहा हजारांच्या आसपास पायऱ्या चढून जातात. २०२० पासून अंबाजीच्या टप्प्यापर्यंत रोपवे झाला आहे, पण या डोंगराची घडण पायीच समजते. पायथ्याचा काळा कातळ कुठे संपतो आणि वरचा करडा, चमकत्या कणांचा खडक कुठे सुरू होतो, ते पायऱ्यांच्या कडेला स्पष्ट दिसते.

गिरनारच्या पायथ्याची एक शिळा निसर्गाच्या इतिहासासाठी अमोल आहे. सम्राट अशोकाचे लेख तिच्यावर आहेत, हे सर्वज्ञात आहे. त्याच शिळेवर इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेखही आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेला सुदर्शन तलाव एका भयंकर वादळात कसा फुटला, ते त्यात सांगितले आहे. ऊर्जयत म्हणजेच गिरनार पर्वतावरून येणाऱ्या सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्यांना पूर आला, वाऱ्याने झाडे आणि शिखरे पाडली, आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल भगदाड पडले. तिथी दिली आहे मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, म्हणजे पावसाळा सरल्यानंतरची. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा एक हंगाम नेमका याच काळात येतो. त्यामुळे ही एखाद्या चक्रीवादळाची नोंद असू शकेल, आणि तसे असेल तर भारतातल्या हवामानाच्या जुन्यात जुन्या तपशीलवार नोंदींत तिची गणना करावी लागेल. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ ऊना आणि दीवच्या दरम्यान जमिनीवर आले आणि गीरमधली असंख्य झाडे व केसर आंब्याच्या बागा त्याने झोपवल्या. रुद्रदामनच्या लेखातले वादळ तसेच असेल, तर किनाऱ्याचा हा धोका किमान अठराशे वर्षे जुना आहे.

गिरनारच्या दक्षिणेला गीरचे डोंगर पसरलेले आहेत. उंची बेताची, माथे गोलसर, पण सात नद्या इथे उगम पावतात आणि दक्षिण किनाऱ्याचे पाणी बहुतांश याच जंगलाच्या जोरावर टिकते. पश्चिम गीरमध्ये सागाचे प्रमाण मोठे. पूर्वेकडे जावे तसा साग विरळ होत जातो आणि खैर, बोर, बाभूळ यांची काटेरी झुडपे व गवताळ मोकळे पट्टे सुरू होतात. उन्हाळ्यात पानगळ झाली, की सारे जंगल गवताच्या रंगाचे होते आणि त्यात बसलेला सिंह पंधरा पावलांवरही डोळ्यांना लागत नाही.

एकेकाळी हा सिंह तुर्कस्तानापासून पूर्व भारतापर्यंत होता. बंदुका आल्या, गवताळ जमिनी शेतीखाली गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात तो फक्त गीरमध्ये उरला. जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर निर्बंध घातले नसते, तर तोही उरला नसता. आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा तो किंचित लहान असतो. आयाळ आखूड, त्यामुळे कान सहज दिसतात, आणि पोटाखाली कातडीची लोंबती घडी असते. गीरला १९६५ मध्ये अभयारण्याचा आणि १९७५ मध्ये त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकूण संरक्षित क्षेत्र सुमारे १,४१२ चौरस किलोमीटर आहे. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह होते. २०१५ मध्ये ते ५२३ झाले, २०२० मध्ये ६७४, आणि २०२५ मध्ये ८९१.

हे यश एकट्या वनखात्याचे नाही. गीरच्या जंगलात मालधारी हे पशुपालक लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांच्या वस्तीला नेस म्हणतात. काटेरी फांद्यांच्या कुंपणात मातीच्या चार-सहा खोल्या आणि मधोमध म्हशींचा गोठा, एवढाच नेसाचा पसारा. साठच्या दशकात सिंहांचे पोट प्रामुख्याने या जनावरांवर भरत असे. सत्तरच्या दशकापासून बऱ्याच कुटुंबांचे जंगलाबाहेर पुनर्वसन झाले, चराई कमी झाली, गवत वाढले, चितळ आणि सांबर वाढले, आणि सिंहाच्या आहारात रानटी जनावरांचा वाटा मोठा झाला. तरीही आज निम्म्याहून अधिक सिंह उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत. अमरेली, भावनगर, गीर सोमनाथ या जिल्ह्यांतली शेते, ओढ्यांच्या काठची झुडपे आणि राजुला-जाफराबादचा किनारा हे त्यांचे नवे घर आहे. गावकरी म्हैस गमावतात, सरकार भरपाई देते, आणि बहुतेक ठिकाणी सिंह जिवंत राहतो. एवढ्या मोठ्या शिकारी प्राण्याला एवढ्या दाट वस्तीत अशी जागा मिळाल्याचे दुसरे उदाहरण जगात शोधूनही मिळणे कठीण आहे. नवी संकटे मात्र आली आहेत. उघड्या विहिरींत सिंह पडत. म्हणून हजारो विहिरींना कठडे बांधावे लागले. पिपावाव बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेखाली सिंह मरतात. २०१८ मध्ये कुत्र्यांकडून पसरणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर या रोगाने पूर्व गीरमधले अनेक सिंह थोड्याच दिवसांत दगावले. सगळे सिंह एकाच भागात असणे किती धोक्याचे आहे, ते तेव्हा कळून आले. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनो इथे हलवावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दिला होता. तो अमलात आलेला नाही. पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात सिंह २०२३ मध्ये आपणहून पोहोचले आणि आता तिथे त्यांची लहानशी वस्ती झाली आहे. ती आनंदाची बाब आहे, पण बरडा गीरपासून फार दूर नाही. साथीच्या रोगापासून खरे संरक्षण हवे असेल, तर दूरच्या दुसऱ्या घराला पर्याय दिसत नाही.

गीर सोडून ईशान्येला भाल प्रदेशात उतरले, की डोंगर आणि झाडे दोन्ही मागे पडतात. भावनगरच्या उत्तरेला वेळावदर इथे केवळ ३४ चौरस किलोमीटरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान आहे. भावनगरच्या महाराजांचे हे राखीव गवताळ कुरण १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कर्जतजवळचे रेहेकुरी पाहिलेल्या वाचकाला काळवीट नवा नाही, पण इथली मोकळी सपाटी आणि कळपांचा आकार वेगळाच आहे. विणीच्या हंगामात नर काळवीट उघड्या जमिनीवर जवळजवळ लहान लहान जागा अडवून बसतात. प्रत्येकाच्या जागेत लेंड्यांचा एक ढीग असतो आणि दिवसात अनेकदा तो नर त्याच ढिगावर येऊन आपली हद्द पक्की करतो. शेजाऱ्याने सीमा ओलांडली, की माना ताठ होतात, पिळदार शिंगे अडकतात, काही क्षण धूळ उडते आणि दोघे आपापल्या जागी परततात. माद्या या सगळ्यांतून फिरून आपला जोडीदार निवडतात.

हिवाळ्यात वेळावदरचे दुसरे वैभव संध्याकाळी दिसते. मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या कपाशीच्या शेतांवर नाकतोडे टिपत फिरतात आणि सूर्य मावळताना शेकडोंच्या संख्येने उद्यानात उतरतात. झाडावर न बसता ते गवतातच, जमिनीवर रात्र काढतात. त्यांच्या मुक्कामाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जागांपैकी ही एक मानली जाते. पावसाळ्यात याच गवतात तणमोर विणीला येतो. नर तणमोर गवताच्या वर सरळ उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली पडतो. माळरान नांगरले गेले आणि वेडी बाभूळ पसरत गेली, तशी ही उडी दिसण्याची ठिकाणे देशात झपाट्याने कमी झाली. वेळावदर हे उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी आहे.

वेळावदरच्या पूर्वेला खंभातचे आखात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साधारण पाच मीटर चढउतार करते. भावनगरजवळ तोच फरक दहा मीटरांहून अधिक होतो. हे आखात तोंडाशी रुंद आणि आत जाताना अरुंद व उथळ होत जाते. त्यामुळे समुद्रातून येणारे भरतीचे पाणी कोंडले जाते आणि पसरायला जागा नसल्याने वर चढते. ओहोटीला ते तितक्याच वेगाने उतरते आणि चिखलाची मैलभर सपाटी उघडी पडते. भावनगरजवळच्या कोळियाक गावी या सपाटीच्या टोकाला, समुद्रातल्या खडकाळ चौथऱ्यावर निष्कलंक महादेवाची पाच शिवलिंगे आहेत. भरतीला फक्त ध्वजस्तंभाचा वरचा भाग पाण्यावर दिसतो. पाणी ओसरले, की लोक ओल्या चिखलातून चालत जातात, पूजा करतात, आणि पाणी परतण्याआधी माघारी येतात. अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जुनी जहाजे तोडली जातात, तीही याच भरतीच्या बळावर. उधाणाच्या दिवशी जहाज थेट किनाऱ्यावर चढवतात, ओहोटी होते आणि ते तिथेच रुतून बसते.

याच आखातात घोघ्यासमोर पिरम बेट आहे. १८३० च्या दशकात इथल्या खडकांतून मायोसीन काळातल्या सस्तन प्राण्यांचे जीवाश्म सापडले. त्यांत हत्ती आणि गेंड्यांचे पूर्वज होते आणि जिराफाच्या कुळातला, डोक्यावर जाड शिंगे असलेला एक अवाढव्य प्राणी होता. जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनरने १८४५ मध्ये त्याला ब्रामाथेरियम हे नाव दिले. आजच्या चिखलाने वेढलेल्या बेटाच्या जागी एकेकाळी नद्या आणि रानांचा प्रदेश होता, हे त्यातून उमगले.

दक्षिण किनाऱ्यावर, ऊन्यापासून मांगरोळपर्यंत, चित्र पालटते. नारळी, केळी आणि ऊस यांचा हा हिरवा पट्टा स्थानिक बोलीत लीली नाघेर म्हणून ओळखला जातो. या हिरवाईचे रहस्य तिथल्या फिकट पिवळसर चुनखडकात आहे. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या वाळूचे वाऱ्याने ढीग केले आणि ते घट्ट होऊन हा मिलिओलाइट खडक झाला. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी पोटात धरून ठेवतो. मऊ असल्याने करवतीने कापता येतो, आणि पोरबंदरी दगड म्हणून मुंबईतल्या ब्रिटिशकालीन अनेक इमारतींत तो वापरलेला आहे. उपसा वाढला, की त्याच छिद्रांतून समुद्राचे खारे पाणी आत शिरते आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी बिघडतात. दीवमध्ये या खडकाच्या जुन्या खाणींतून नायडा गुहा झाल्या आहेत. भिंतींवर छिन्नीच्या सरळ रेघा आहेत आणि छतातल्या भोकांतून झाडांची मुळे खाली उतरली आहेत. १९६१ मध्ये गोव्याबरोबरच पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेल्या दीवमध्ये खोडाला फांद्या फुटणारा होका नावाचा ताडही मुबलक आहे. एरवी ताडाला फांद्या नसतात, म्हणून तो लगेच ओळखू येतो.

वेरावळ आणि मांगरोळच्या समुद्रात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जगातला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, येतो. बारा मीटरांहूनही अधिक वाढू शकणारा हा मासा तोंड उघडे ठेवून पोहतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. माणसाला त्याच्यापासून कसलाही धोका नाही. नव्वदच्या दशकात यकृताचे तेल आणि मांस यांसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात घेतले. असे संरक्षण मिळालेला तो भारतातला पहिला मासा. नुसता कायदा पुरला नसता. २००४ पासून वनखाते आणि वन्यजीव संस्थांनी किनाऱ्यावर मोहीम काढली. रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि कोळ्यांच्या मनात ती थेट रुजली. ‘व्हाली’ म्हणजे लाडकी, हे नाव त्याला मिळाले. जाळ्यात अडकलेला मासा सोडवायला कोळी स्वतःचे महागाचे जाळे कापतात आणि त्याची भरपाई मिळते. आजवर शेकडो मासे असे सुटले आहेत. संरक्षणाच्या भारतीय इतिहासात याहून सुंदर प्रकरण क्वचितच असेल. पश्चिमेला माधवपूरच्या वाळूवर समुद्री कासवे अंडी घालतात. वेळासमुळे मराठी माणसाला ऑलिव्ह रिडले ओळखीचे आहे. इथे त्याबरोबर हिरवे कासवही येते.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर, जामनगरपासून ओख्यापर्यंत, भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या क्षेत्रात ४२ बेटे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांभोवती प्रवाळ आहेत. प्रवाळाला नितळ, सम तापमानाचे पाणी लागते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. इथले पाणी गढूळ, जास्त खारट, हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेले. तरीही कठीण प्रवाळाच्या पन्नासच्या आसपास जाती इथे तग धरून आहेत. लक्षद्वीप किंवा अंदमानपेक्षा त्या कमी आहेत, पण सोसण्यात त्या सरस आहेत.

इतरत्र प्रवाळ पाहायला पाण्याखाली उतरावे लागते. या उद्यानातल्या नरारा इथे मात्र पायी जाता येते. ओहोटीला खडकाळ पठार उघडे पडते आणि घोट्याएवढ्या पाण्याच्या डबक्यांत सारी वस्ती दिसू लागते. मेंदूच्या वळ्यांसारखे प्रवाळ, बोट जवळ नेताच आत ओढून घेणारी समुद्रफुले, रंग बदलून खडकात मिसळणारा ऑक्टोपस, डिवचल्यावर टम्म फुगणारा केंड मासा, कातळाखाली दडलेले खेकडे. पाऊल कुठे टाकायचे हे वाटाड्याला विचारूनच ठरवावे, कारण एका पावलाने मोडलेला प्रवाळ भरून यायला वर्षे लागतात. पूर्वी याच किनाऱ्यावर सिमेंटसाठी प्रवाळी वाळू उपसली जात असे. आता तेलशुद्धीकरण, बंदरे आणि समुद्रातल्या नळवाहिन्या उद्यानाच्या अगदी शेजारी आहेत. किनाऱ्यावरची तिवरांची राने गाळ अडवतात आणि प्रवाळांवर बसणारी माती कमी करतात. म्हणून तिवर तोडले, की नुकसान प्रवाळांपर्यंत पोहोचते.

जामनगरजवळचे खिजडिया हे माणसाच्या हातून घडलेले निसर्गस्थळ आहे. क्रिकेटमुळे जगभर गाजलेले जाम रणजितसिंहजी नवानगरचे राजे असताना, १९२० च्या सुमारास शेतात शिरणारे खारे पाणी अडवायला बांध घालण्यात आला. त्याच्या एका बाजूला नद्यांचे गोडे पाणी साठू लागले, दुसरीकडे खाजण आणि तिवरे राहिली. दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच बांधावरून दिसतात, आणि नोंदलेल्या जाती तीनशेच्या घरात आहेत. हिवाळ्यात करकोच्यांचे हजारोंचे थवे उतरतात. ही जागा पाणथळ स्थळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

सौराष्ट्र पाहण्याचा बेत ऋतू आणि पंचांग समोर ठेवून करावा. गीरचे राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. भोवत्या आणि करकोचे पाहायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. नराऱ्याला आणि कोळियाकला जायचे तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरावा, ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि पाणी परतायला लागण्यापूर्वी किनारा गाठावा.